गाडी धुतल्यानंतरचं अर्धं काम

रायपूरमध्ये राहत असाल, तर गच्चीवर पडणारी काळी धूळ तुम्हाला नवी नाही. सकाळी झाडलेल्या फरशीवर संध्याकाळी अनवाणी चाला, तळवे काळे होतात. सिलतरा आणि उरला भागात स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, आणि वारा फिरला की त्यांची धूळ शहरातही येते. फरशीवरून ती पुसता येते. गाडीच्या रंगावरून कोरडीच पुसायला गेलात, तर मात्र ती पॉलिश पेपरचं काम करते, कारण तिच्यात लोखंडाचे बारीक, टणक कण असतात.

म्हणून सगळ्यात आधी रोज सकाळी एका बादलीत एकच फडकं पुन्हा पुन्हा बुचकळून गाडी पुसून घेणं थांबवा. गाडी पुसणाऱ्या भाऊंना आठवड्यातून दोनदाच यायला सांगा, पण आधी पाइपने भरपूर पाणी मारायला लावा. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात ना, त्या बहुतेक या फडक्याच्याच. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. तो घासून गेला की परत येत नाही.

आता वाळवणं. माझ्या मते वॅक्सपेक्षाही हेच महत्त्वाचं, आणि नेमकं याचाच लोक कंटाळा करतात. बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार थेंब वाळला की पांढऱ्या कड्यासारखे मागे राहतात आणि मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या उन्हात अक्षरशः भाजले जातात. तेव्हा गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असतानाच धुवा. शेवटचं पाणी मारताना पाइपची तोटी काढून टाका आणि टपावरून पाणी सावकाश, चादरीसारखं ओघळू द्या. पाणी स्वतःच खाली वाहून जातं, पुसायला थोडंच उरतं.

पुसायला जुना पंचा किंवा बनियन नको. जाड मायक्रोफायबरचा टॉवेल घ्या. तो पसरून ठेवा, वरून हलकेच थोपटा आणि उचला. घासू नका. टपापासून सुरुवात करून खाली या. दारांच्या कडा, आरसे आणि डिकीच्या फटी शेवटी, वेगळ्या कापडाने. टॉवेल जमिनीवर पडला, तर तो त्या दिवसापुरता बाद. धुताना कपड्यांचं कंडिशनर घालू नका, त्याने टॉवेल पाणी शोषेनासा होतो. आणि तो गच्चीवर वाळत घालू नका. कारण वर सांगितलंच आहे!

पांढरे डाग पडलेच असतील, तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने हलकेच लावा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. जुने, खोल गेलेले डाग याने जाणार नाहीत. त्यांना पॉलिश लागतं.

वॅक्स लावण्याआधी एक गंमत करून पाहा. धुतलेल्या, कोरड्या बॉनेटवरून प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर धूळ रंगात रुतून बसली आहे. तिच्यावर वॅक्स चढवण्यात अर्थ नाही. गाडीसाठी मिळणारी क्ले साबणाच्या पाण्यात भिजवून हलकेच फिरवली की ती निघते.

चांगल्या वॅक्समध्ये बऱ्याचदा कार्नोबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. थर जाड दिला तर चमक जास्त येते हा गैरसमज आहे. जाड थर फक्त पुसायला त्रास देतो. एका वेळी एकच दार किंवा अर्धं बॉनेट घ्या, दिसेल न दिसेल इतकं पातळ लावा. थोड्या वेळाने बोटाने एक रेघ ओढा. ती स्वच्छ निघाली की दुसऱ्या कोरड्या टॉवेलने पुसून टाका. काळ्या प्लॅस्टिकच्या भागांना वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग बसतात. मॅट रंगाच्या गाडीला तर लावूच नका. नुकताच रंग मारला असेल, तर किती दिवस थांबायचं ते रंगारी सांगेल.

मुहूर्त हवाच असेल, तर दसऱ्याच्या आधीचा रविवार उत्तम. पूजेत बॉनेटवर हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार दिवसभर उन्हात चिकटून राहतो. वॅक्स असेल तर पुढची साफसफाई सोपी जाते. तरीही हार रात्री काढा, आणि हळद-कुंकू कोरडं न घासता पाण्याने उतरवा. भांड्यांचा साबण वापरलात तर वॅक्सही जाईल.

एकदा लावलेलं वॅक्स इथल्या उन्हात दोनेक महिने धरून चाला. पाणी मारल्यावर टपोरे थेंब उठायचे थांबले आणि पाणी सपाट पसरायला लागलं, की पुन्हा डबी उघडा.