किती तळी केलीस?

परवा दादाचा पुण्याहून फोन. "मग, यंदा किती तळी केलीस?"

आमच्याकडे गड 'करतात'. राजगड केला, तोरणा केला, अमक्याने तर एका दमात दोन्ही केले. त्याच हिशेबाने आता तळीही करायची. मी म्हटलं, "एक." पलीकडे जरा शांतता. मग काळजीने, "का गं, बरं नव्हतं का?"

बरी होते की! पण फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

टोरोंटोहून साधारण तीन तासांवर अल्गॉन्क्विन पार्क आहे. १८९३ पासूनचं राखीव जंगल, आत शेकडो तळी. त्यात वेस्टर्न अपलँड्स नावाची पायवाट आहे. एक पूल ओलांडून जंगलात शिरायचं आणि गोल फिरून पुन्हा त्याच पुलावर यायचं. तिथलं सगळ्यात छोटं वर्तुळही ३२ किलोमीटरचं. वाटेत मेपल लीफ लेक, ओक लेक, आणि चक्क मॅगी लेक! (हो, तिथे मॅगीच खाल्ली. टिनचे डबे, बाटल्या आत न्यायला बंदी आहे, त्यामुळे आईचं लोणचं प्लास्टिकच्या डबीत.)

२०१९ मध्ये आम्ही ते अख्खं वर्तुळ 'केलं'. पहिल्याच दिवशी उतारावर नवऱ्याचा गुडघा धरला. "दुखतोय जरा," म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या 'जरा'चा अर्थ मला कळायला हवा होता. कळलाही होता, खरं तर. पण दुसऱ्या रात्रीचं बुकिंग मॅगी लेकचं होतं. तिथे तंबूची जागा तळ्याच्या नावाने आरक्षित करावी लागते, म्हणजे त्या रात्री त्या तळ्यावर पोचायचं. शिवाय डोक्यात आपली प्रदक्षिणा! अर्धवट कशी सोडायची?

गडावर दम लागला तर माचीवरून खाली उतरता येतं, जितके चढलो तितकंच. गोल वाटेचं तसं नाही. अर्ध्यावर पोचलात की मागचं आणि पुढचं अंतर सारखंच. मोबाईलला रेंज नाही, गाडी येईल असा रस्ता नाही. म्हणजे परतायचं की नाही ते पहिल्या दिवशीच ठरवायचं असतं, दुखणं अजून 'जरा' असतं तेव्हाच. आणि नेमकं तेव्हाच परतणं भ्याडपणाचं वाटतं.

आम्ही परतलो नाही. नवरा काठी टेकत उरलेलं सगळं अंतर चालला, एका शब्दाने मला बोलला नाही. त्या दोन दिवसांत किती तळी गेली विचाराल तर नकाशा बघून सांगावं लागेल. माझं लक्ष त्याच्या पावलाकडे होतं. तो अजूनही जिना उतरताना कठडा धरतो. फोटो मात्र छान आलेत, सगळ्यांनी कौतुक केलं. असो.

गेल्या सप्टेंबरात पुन्हा गेलो. मेपल लीफ लेकपर्यंत चालायचं, तिथेच दोन रात्री राहायचं, आल्या वाटेने परत. अस्वलांच्या भीतीने खाण्याची पिशवी झाडाला टांगण्यातच अर्धी संध्याकाळ गेली. दोरी फांदीवरून जाईचना, नवरा हसून हसून खाली बसला. रात्री लून ओरडला. इथल्या डॉलरच्या नाण्यावर असतो तोच पक्षी. नाणं रोज हातात असतं, पण तो आवाज काळोखात पहिल्यांदा ऐकला की काटा येतो अंगावर. २०१९ लाही ओरडला असेल. आम्ही पेनकिलर घेऊन झोपलो होतो.

वर्तुळ पूर्ण करू नका असं माझं म्हणणं नाही. धडधाकट असाल तर जरूर करा. पण 'किती केलीस' हा प्रश्न पायात घालून निघालं की बरोबरचा माणूस मागे राहतो, एवढं मी स्वतः बघितलंय.

दादा पुढच्या वर्षी येतोय. तीन दिवसांचा प्लॅन त्याने पाठवलाही, एक्सेलमध्ये, प्रत्येक तळ्यासाठी एक रकाना. मी बुकिंग मेपल लीफचंच करणार आहे, दोन्ही रात्रींचं. त्याला अजून सांगितलेलं नाही. आता इथेच वाचेल.