तटस्थांच्या खांद्यावरील भार

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द जोडला जातो. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. सातारा-सांगलीच्या अनेक गावांत आजही घरटी नाही तरी वाडीगणिक कोणी ना कोणी फौजेत असतोच. त्यामुळे युद्ध थांबवण्यासाठी कोणत्या देशाने मध्यस्थी करावी, हा प्रश्न आपल्याकडे केवळ दिल्लीच्या चर्चेचा राहत नाही.

युक्रेनचे युद्ध २०२२ साली पेटल्यानंतर भारत मध्यस्थ होऊ शकेल काय, अशी विचारणा वारंवार झाली. २०२४ च्या जुलैत पंतप्रधान मॉस्कोला आणि ऑगस्टमध्ये कीव्हला जाऊन आले, तेव्हा ती अधिकच झाली. आमच्या मते या प्रश्नाचा विचार कोरियापासून करावयास हवा.

१९५० साली सुरू झालेल्या कोरियन युद्धाचा तह एकाच मुद्द्यावर अडून बसला होता. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करावयाचे? डिसेंबर १९५२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत मांडलेला ठराव संमत झाला आणि त्याच धर्तीवर पुढे मार्ग निघाला. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे शस्त्रसंधी झाली. भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. सुमारे २३ हजार कैदी सांभाळण्याचे काम मात्र एकट्या भारतीय सैन्याकडे आले आणि त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, सांगलीच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे.

ही कामगिरी मानाची कमी आणि मनस्तापाची अधिक होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. जहाजांवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून नेले, तेव्हा थोरात निःशस्त्र आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून घेऊन आले. सर्वच प्रसंग असे निभावले नाहीत. काही वेळा गोळीबार करावा लागला, कैदी मृत्युमुखी पडले. कैद्यांची समजूत घालण्याचे ठरलेले काम अपुरे राहिले आणि जानेवारी १९५४ मध्ये भारताने त्यांना पूर्वीच्या ताबेदारांकडे परत सोपवले. दोन्ही बाजू नाराज झाल्या. युद्ध मात्र पुन्हा पेटले नाही.

मध्यस्थीची दुसरी बाजूही याच मातीतील माणसाने पाहिली. देवराष्ट्रे (तेव्हा सातारा, आता सांगली जिल्हा) येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला होते. तेथे मध्यस्थ सोव्हिएत संघ होता आणि वादी आपण. पुढे परराष्ट्रमंत्री असताना, १९७६ साली, त्यांच्याच कारकिर्दीत चीन व पाकिस्तान या दोघांशी राजदूतांची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली. युद्ध टाळण्याचे काम पुष्कळदा असे कागदोपत्री आणि संथ असते, वृत्तपत्रांना ते फिके वाटते.

व्हॅटिकनचे उदाहरणही येथे आठवते. १९७८ च्या डिसेंबरात अर्जेंटिना आणि चिली हे दोन कॅथोलिक देश बीगल सामुद्रधुनीतील बेटांवरून युद्धाच्या उंबरठ्यावर होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना धाडले. युद्ध टळले, पण करारावर सह्या व्हायला १९८४ चा नोव्हेंबर उजाडला आणि तो पाहण्यास कार्डिनल सामोरे हयात नव्हते.

म्हणूनच मतदानात गैरहजर राहणे आणि तटस्थ असणे यांत आम्ही फरक करतो. १९५३ साली भारताने केवळ मत राखून ठेवले नव्हते. आपली माणसे पाठवली होती आणि दोन्हीकडून शिव्याशाप घेतले होते. आज युक्रेनसंबंधी दोन्ही राजधान्यांत आपले स्वागत होते, ही जमेची बाजू खरी. परंतु उद्या शस्त्रसंधी झाल्यास तिच्या देखरेखीसाठी आपण काय देऊ, याविषयी आपल्या संसदेत व्हावी तशी चर्चा ऐकू येत नाही.

दरम्यान कोरियातील त्या पाचांपैकी चेकोस्लोव्हाकिया १९९३ मध्ये दुभंगला, पोलंड १९९९ मध्ये नाटोत गेला आणि स्वीडनही मार्च २०२४ मध्ये त्याच मार्गाने गेला. शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या वेगळ्या तटस्थ आयोगाचे मोजके स्विस आणि स्वीडिश अधिकारी पानमुनजोमला अजून आहेत. कोरियाचा शांतता करार अद्याप झालेला नाही.