कळ कोणाची?

'कंट्रोल-एफ' दाबताच शोधाची खिडकी उघडते. तीत शब्द लिहिताना चूक होते, म्हणून वापरकर्ता 'डिलीट' दाबतो. परंतु तीच कळ मुख्य खिडकीतील नोंद पुसण्यासाठी योजिलेली असेल, तर अक्षराऐवजी हिशेबाची नोंदच नाहीशी होऊ शकते!

दोष हाताचा नव्हे, क्रमाचा आहे. विंडोजच्या प्रोग्राममध्ये खुल्या शोधखिडकीसाठी प्रत्येक संदेश प्रथम 'इज-डायलॉग-मेसेज'कडे द्यावा. तिने तो स्वीकारला नाही, तरच शॉर्टकट ओळखणाऱ्या 'ट्रान्सलेट-ॲक्सिलरेटर'कडे पाठवावा. या पहिल्या पायरीवाचून त्या खिडकीत टॅब व एस्केपही नीट चालत नाहीत.

दोन ओळींचा हा क्रम. पण त्यावर दुसऱ्याचे श्रम सुरक्षित राहतात.