वचने देऊन पसार

३० जून २०१६ रोजी बोरिस जॉन्सन यांनी ब्रिटनच्या पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून अंग काढून घेतले आणि ४ जुलैला नायजेल फराज यांनी आपल्या युकिप पक्षाचे नेतेपद सोडले. युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणून ज्यांनी ब्रिटनभर रान उठवले, ते दोघेही सार्वमताच्या निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत हात झटकून मोकळे झाले. ‘राहा’ म्हणणारे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून हरले म्हणून गेले. हे तर जिंकून पळाले! ज्या १ कोटी ७४ लाख लोकांनी यांच्या बाजूने कौल दिला, त्यांनी जाब कोणाला विचारायचा?

‘बाहेर पडा’ मोहिमेच्या लाल प्रचारबसवर भल्यामोठ्या अक्षरांत रंगवले होते, की आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ. आकडा धडधडीत चुकीचा होता. मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली सवलत त्यातून वजाच केलेली नव्हती. सवलतीची ती रक्कम देशाबाहेर जातच नव्हती. शेतकऱ्यांना आणि मागास भागांना युरोपकडून मिळणारा पैसाही धरला नव्हता. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने ही दिशाभूल असल्याचे मतदानाआधीच बजावले, तरी बस फिरत राहिली. निकालाच्या सकाळी फराज म्हणाले, ती चूक होती. मोहिमेतले दुसरे नेते इयन डंकन स्मिथ म्हणाले, ती केवळ शक्यता होती. मग बसवर तसे का लिहिले नाही? रुग्णालयाच्या रांगेत ताटकळणाऱ्या माणसाने ते वचन म्हणूनच वाचले, आणि त्याने तसेच वाचावे म्हणून ते लिहिले होते.

शिवाय ज्याला जे रुचेल ते त्याला सांगितले गेले. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी करी रेस्तराँच्या मालकांना आशा दाखवली, की बाहेर पडल्यावर आपल्याकडून आचारी नेणे सोपे होईल. त्याच मोहिमेची भित्तिपत्रके इतरांना, तुर्कस्तान संघात येणार असे सांगून, तिथल्या ७ कोटी ६० लाख लोकांची भीती घालत होती. कॉर्नवॉल परगण्याने बाहेर पडण्याचा कौल दिला, आणि निकाल लागताच तिथल्या परिषदेने युरोपचा निधी बुडणार नाही याची हमी मागितली. ती देणार कोण?

‘राहा’ म्हणणाऱ्यांनीही भीती घालायला कमी केले नाही. पण निवडणूक जिंकणाऱ्याला सरकार चालवावे लागते आणि पुन्हा मते मागायला यावे लागते. सार्वमतात मोहीम संपली की वचन देणाऱ्यावर कसलेच बंधन उरत नाही. त्याचे खरे दुखणे हे आहे.

आपल्याकडे १९६७ मध्ये गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश, दोन्ही वाटा लोकांना स्पष्ट दिसत होत्या. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांनी आधीच मुख्यमंत्रिपद सोडले, त्यांची विलीनीकरणाची बाजू हरली, आणि काही आठवड्यांतच ते आपला पक्ष घेऊन निवडणुकीला सामोरे गेले. ब्रिटनमध्ये ही हिंमत कोणी दाखवली?

आणि ब्रिटनचा निकाल येताच दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी दिल्लीच्या पूर्ण राज्यासाठी सार्वमत घेण्याची घोषणा केली. राज्याचा दर्जा देणे संसदेच्या हातात आहे. दिल्लीकरांनी भरभरून होकार दिला असता तरी तो अमलात कोण आणणार, हे केजरीवाल यांनी घोषणेआधी सांगायला हवे होते.