विश्लेषण : विनोद कुणाचा, नाव कुणाचे?

चर्चिल, गांधीजी, मार्क ट्वेन यांच्या नावावर फिरणारी कित्येक चटकदार वाक्ये त्यांची नाहीतच. मग ती आली कुठून? मूळ शोधतात कसे? आणि नाव चुकले तर बिघडते काय?

चर्चिल यांचे ‘ते’ उत्तर खरे?

लेडी ॲस्टर चिडून म्हणाल्या, ‘मी तुमची बायको असते तर तुमच्या कॉफीत विष कालवले असते.’ त्यावर चर्चिल उत्तरले, ‘मी तुमचा नवरा असतो तर ती कॉफी पिऊन टाकली असती.’ हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून हा किस्सा जगभर सांगितला जातो. मात्र हाच विनोद १८९९ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत छापून आला होता आणि त्यात दोघांपैकी कुणाचेही नाव नव्हते. त्या वर्षअखेरीस पंचविशीतले चर्चिल बोअर युद्धाच्या वार्तांकनासाठी दक्षिण आफ्रिकेत होते. नॅन्सी यांचे ॲस्टर घराण्यात लग्न झाले १९०६ मध्ये. चर्चिल यांनी पुढे कधी जुना विनोद वापरला असेलही, पण तो त्यांना सुचलेला नव्हता.

मूळ शोधतात कसे?

पहिला प्रश्न : हे वाक्य सर्वांत आधी कुठे छापले गेले? दुसरा : त्या वेळी संबंधित व्यक्ती हयात होती का? जुनी वृत्तपत्रे आणि पुस्तके संगणकावर आल्यापासून हे काम सोपे झाले. फ्रेड शपिरो यांनी संपादित केलेला येल विद्यापीठाचा अवतरणकोश (२००६) आणि २०१० मध्ये सुरू झालेले ‘कोट इन्व्हेस्टिगेटर’ हे संकेतस्थळ याच पद्धतीने चालते. वाक्याची शब्दरचना दर पिढीत बदलते, म्हणून अख्खे वाक्य न शोधता त्यातले दोन-तीन नेमके शब्द शोधावे लागतात. संगणकावर दिसणारी तारीखही फसवी असू शकते. त्यामुळे मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शोध पूर्ण होत नाही.

गांधीजींच्या नावावर काय खपते?

‘पाश्चात्त्य संस्कृतीबद्दल आपले मत काय?’ या प्रश्नावर गांधीजी म्हणाले, ‘कल्पना चांगली आहे!’ हा किस्सा बहुधा १९३१ च्या लंडन भेटीशी जोडला जातो. मात्र त्याची आजवर सापडलेली सर्वांत जुनी नोंद १९६७ मधल्या एका अमेरिकी माहितीपटातली आहे, म्हणजे गांधीजींच्या हत्येनंतर १९ वर्षांनी. गोलमेज परिषदेच्या काळात वार्ताहर त्यांच्या मागेपुढे असत. इतके खमंग उत्तर त्यांच्यापैकी एकानेही टिपले नाही, हे पटण्याजोगे नाही.

मोठ्याच नावाला का चिकटते?

अनोळखी माणसाचा विनोद सांगितला तर श्रोता आधी ‘कोण हा?’ असे विचारतो. चर्चिल म्हटले की तो आधीच हसायच्या तयारीत असतो. ब्रिटिश लेखक नायजेल रीस यांनी या प्रवृत्तीला ‘चर्चिलियन ड्रिफ्ट’ असे नाव दिले. मराठीत हा ओढा पु. ल. देशपांडे, आचार्य अत्रे आणि व. पु. काळे यांच्याकडे असतो. व्हॉट्सॲपवर ‘पुलं म्हणतात’ असे लिहिले की पुस्तक आणि पान कुणी विचारत नाही.

मग बिघडते काय?

पहिले म्हणजे खऱ्या माणसाचे श्रेय जाते. आधी दुर्लक्ष, मग थट्टा, मग हल्ला आणि शेवटी विजय, हा गांधीजींचा म्हणून सांगितला जाणारा विचार जवळपास त्याच क्रमाने १९१८ मध्ये निकोलस क्लाइन यांनी बाल्टिमोरमध्ये कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेसमोर मांडला होता. त्यांच्या मांडणीत शेवटी विरोधक स्मारके उभारतात, एवढाच फरक. तुमचे मत पटत नसले तरी ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी प्राण पणाला लावीन, हे व्हॉल्तेअर यांचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य लिहिले ते एव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेने, १९०६ मध्ये. कामगारांचा वक्ता आणि एक लेखिका विस्मरणात गेले, आधीच थोर असलेल्यांची थोरवी वाढली.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. थोरांच्या तोंडी गमतीचे वाक्य घालता येते, तसेच द्वेषाचेही घालता येते. पहिले पडताळणीशिवाय पुढे पाठवायची सवय लागली की दुसरेही त्याच वाटेने जाते.

वाचकाने काय करावे?

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे टिळकांचे, असे ठामपणे सांगता येते. कारण १८९७ च्या ‘केसरी’चा तो अग्रलेख आजही दाखवता येतो. एवढाच पुरावा प्रत्येक अवतरणासाठी मागावा. भाषण लिहिणाऱ्यांनी आणि पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांनी तर तो मागितलाच पाहिजे. पुरावा नसेल तर विनोद जरूर सांगावा, पण ‘कुणीतरी म्हटले आहे’ एवढेच म्हणावे. विनोद चांगला असेल तर लोक तरीही हसतील.