डोळे उघडे ठेवून चालणे हीच सम्यक स्मृती

सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि गृहत्याग केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच या कथेवर बोट ठेवले. वयाच्या 29 व्या वर्षापर्यंत एखाद्याला म्हातारपण, आजार आणि मृत्यू दिसलाच नाही हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप बिनतोड आहे. पण आज आपल्याकडे पाहिले की वाटते, न पाहण्याची ही विद्या आपण मात्र पुरती आत्मसात केली आहे. चाळीस-चाळीस वर्षे एकाच गल्लीतून ये-जा करूनही शेजारच्या दारात काय चालले आहे याचा आपल्याला पत्ता नसतो. पाय रस्त्यावर आणि मन मोबाईलमध्ये!

मन ताळ्यावर आणून देणाऱ्यांचा बाजार सध्या तेजीत आहे. 2015 पासून दर 21 जूनला योग दिन साजरा होतो. जॉन कबाट-झिन या अमेरिकन गृहस्थांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतलेला तणावमुक्तीचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून आजाऱ्यांना आराम पडत असेल तर आनंदच आहे. परंतु तीच वस्तू आता 'माईंडफुलनेस' असे नाव घेऊन, फी लावून, आपल्याच दारी परत आली आहे. आणि ज्यांच्या घरचा हा वारसा आहे ते आमचे नोकरदार बांधव गिऱ्हाईक होऊन रांगेत उभे आहेत!

महासतिपट्ठान सुत्तात तथागत काय सांगतात? चालणाऱ्याला आपण चालत आहोत याचे भान असावे. उभे असताना, बसलेले असताना, आडवे झालेले असताना तेच. पुढे जाताना, मागे वळताना, जेवताना, बोलताना आणि गप्प राहतानाही तेच. यासाठी चटई लागत नाही, वातानुकूलित सभागृह लागत नाही. आपली वस्ती पुरे आहे.

आमच्या धाकटी डहाणूचेच पाहा. सकाळी अर्धा तास किनाऱ्याने चाला. फाटलेले जाळे मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा मच्छीमार एका वेळी एकच गाठ मारतो. अख्ख्या जाळ्याची चिंता करीत बसला तर एकही गाठ नीट बसणार नाही. भरती काल ज्या वेळेला आली त्या वेळेला आज येत नाही. रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिराने येते. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक इथल्या पोरांनाही कळतो. अनित्यतेचा धडा याहून सोपा कोणत्या प्रवचनात मिळेल?

पुढे बोंबील वाळत घातलेले दिसतात. बाहेरच्या माणसाचे नाक चटकन मुरडते. खरा धडा नेमका इथे आहे. वास नाकाला जाणवतो, ही वेदना. धम्माच्या भाषेत वेदना म्हणजे नुसती जाणीव. तो नकोसा वाटतो, ही मनाची प्रतिक्रिया. आणि ज्याच्या अंगाला तो वास येतो तो माणूस हलका, हा जातीने शिकवलेला विकार. या तिन्ही पायऱ्या आपण एका क्षणात चढतो आणि चढलो हे आपल्याला कळतही नाही. मुंबईत मांस-मासे खाणाऱ्याला घर नाकारले जाते, ते याच तिसऱ्या पायरीवरून. पहिली आणि तिसरी पायरी यांतले अंतर ज्याला चालता चालता दिसू लागले, त्याला सतिपट्ठान कळू लागले.

मात्र एक इशारा देणे आवश्यक आहे. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालणारी बाई पाहून तिच्या ताठ पाठीत योगासन शोधणारे लेखक हल्ली निपजले आहेत. ही त्या बाईची थट्टा आहे. ओझे हे ओझेच असते. ज्याला उसंत नाही त्याला भान ठेवण्याचा उपदेश करण्यापूर्वी उसंत मिळवून द्यावी लागते. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1946 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती मांडली आणि आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आले. कामगाराला शांतपणे बसता यावे म्हणून केलेले ते धम्मकार्यच होते, असे मी मानतो.

आपल्या चळवळीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, आधी मन शुद्ध करा, बाकीचे आपोआप होईल. दुसरा म्हणतो, डोळे मिटून बसणे म्हणजे रणांगणातून पळणे. मला हे भांडण खोटे वाटते. बाबासाहेबांनी सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागृती असा सांगितला. नुसत्या एकाग्रतेवर ते थांबले नाहीत. सम्यक समाधीने मनाला कुशल कर्माचाच विचार करण्याची सवय लागली पाहिजे, असे ते म्हणतात. जागे मन समोरचे पाहील आणि पाहिल्यावर त्याला स्वस्थ बसवणार नाही.

पाहायचे म्हटले तर आमच्या भागात काय कमी आहे? डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि सागरी हद्दीच्या वादात पाकिस्तानी तुरुंगात अडकतात. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीतले नाव आपल्या रस्त्यावरच्या घरातले असू शकते. त्या दारावरून जाताना आपली पावले क्षणभर तरी थबकतात काय?

शेजारी वाढवण आहे. 76 हजार कोटींहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. समुद्रात भराव पडणार आणि ज्या पाण्यावर आमच्या मच्छीमारांची चूल पेटते तेच पाणी वादात आहे. बाबासाहेबांनी चार दृश्यांची कथा नाकारून तिच्या जागी काय ठेवले, ते इथे आठवावे. शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा! सिद्धार्थाने तो डोळे उघडे ठेवून पाहिला, संघाच्या सभेत युद्धाला विरोध केला आणि देशत्याग पत्करला. तथागतांचा मार्ग आपल्या गावच्या पाण्यापासून सुरू झाला, हे विसरून चालणार नाही.

आणि हे चालणेही आपल्याला फुकट मिळालेले नाही. 1924 मध्ये वायकोमला सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसते चालता यावे म्हणून. 20 मार्च 1927 रोजी महाडला हजारो पावले चवदार तळ्याकडे गेली. संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव यांच्यासोबत 'रस्ते' हा शब्द उगाच आलेला नाही. वहिवाटीचा रस्ता अडवणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला, कारण रस्ते अडवले जात होते. ज्यांच्या पूर्वजांना रस्त्यावर मज्जाव होता, त्यांनी त्याच रस्त्यावरून बेसावध चालावे, यासारखा करंटेपणा नाही.

म्हणून बांधवांनो, रोज अर्धा तास आपल्या वस्तीतून चाला. मोबाईल घरी ठेवा. श्वासाकडे लक्ष असू द्या आणि माणसांकडेही. तथागतांनी राहुलला सांगितले होते की, कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर ते तपासून पाहा. चालून आल्यावर आपणही स्वतःला विचारावे, आज काय पाहिले आणि त्याचे मी काय करणार? कुणाचा अर्ज लिहून द्यायचा असेल, कुणाला दवाखान्यात न्यायचे असेल, कुणाच्या पोराला शाळेत घालायचे असेल. ते काम त्याच दिवशी हाती घ्या. सम्यक स्मृती पुरी होते ती तिथे.