जुना टेंपो : दुरुस्ती कीं बदली?

गतवर्षीं तासगांवचीं द्राक्षें घेऊन पुण्यास निघालेला आमचा जुना टेंपो कराडच्या पुढें तिसऱ्यांदा बंद पडला. दुसरी गाडी मिळेपर्यंत उन्हानें बराच माल नासला. "इतका पैसा घातल्यावर आतां टाकावा कसा?" असें आम्ही म्हणत असूं. झालेला खर्च पुढील हिशेबांत धरावयाचा नसतो, ही गोष्ट महसुली दप्तरांत जन्म घालवूनही आम्हांस उमगली नाहीं.

आमचें मत असें कीं, एका बाजूस दुरुस्ती, पुढील देखभाल व हंगामांतील खाडे मांडावे. दुसऱ्या बाजूस नव्या गाडीचे हप्ते मांडून त्यांतून जुनीची किंमत वजा करावी. सांगाडा शाबूत असून केवळ इंजिन गेलें असेल, तर दुरुस्ती हितावह. सांगाडाच गंजला असेल, तर पैसाही घालूं नये. मालवाहू गाडीस ८ वर्षांनंतर दरसाल योग्यता-प्रमाणपत्र लागतें, व १५ वर्षांवरील गाड्यांचें त्याचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून वाढलें आहे, हेंही विसरूं नये.

म्हाताऱ्या बैलाचें ऋण असतें, यंत्राचें नसतें. आमच्या टेंपोचा सांगाडा गंजला होता. तो आम्हीं मोडींत दिला. शेतकरी बंधूंनीं हा हिशेब घरीं बसून करावा. भर रस्त्यांत करण्याची पाळी येऊं देऊं नये.